मुलगा खेळायला नको म्हणतो, तेव्हा मिनिटं मोजायची घाई करू नका

एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. मुलाला चेंडू झेलता येत नाही, पळतानाही अवघडल्यासारखा पळतो. भिडू निवडताना तो नेहमी शेवटी उरतो. आता तर खेळायलाच नको म्हणतो. शाळेत पालक आणि मुलांसाठी आठ आठवड्यांचा उपक्रम सुरू होतोय, आठवड्यातून एकदा दीड तास. त्याने खरंच फरक पडतो का, की घरीच काही करावं? दिवसाला ६० मिनिटं हालचाल हवी असं वाचलं, ती कुठून आणायची? आणि मला स्वतःला आयुष्यात एकही खेळ धड जमला नाही, मी त्याला काय शिकवणार?"

मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि पालक-मुलांचे एकत्र गटही बरीच वर्षं घेते आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे. मुलगा आळशी नाही. जमत नाही म्हणून तो टाळतो, आणि टाळतो म्हणून जमत नाही. हे चक्र कुठे तोडायचं, एवढाच खरा प्रश्न. "रोज एक तास मैदानावर पाठवा" हे त्याचं उत्तर नव्हे. ज्याला जमत नाही त्याला तासभर मैदानावर सोडलं तर तो तासभर कडेला उभा राहतो. घरी येताना त्याला एवढंच पटलेलं असतं की हे आपलं काम नाही.

म्हणून आधी त्या ६० मिनिटांचं ओझं जरा हलकं करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ५ ते १७ वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल व्हावी, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस चांगली दमछाक करणाऱ्या आणि स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या हालचाली असाव्यात. ही सरासरी आहे. मंगळवारी २० मिनिटं आणि रविवारी १०० झाली तरी बिघडत नाही. सलग तासभर काढायची गरज नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही धरले जातात. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. आणि यात तुम्ही एकटे नाही. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या १४६ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं या पातळीला पोचत नव्हती. मुलींमध्ये ते प्रमाण ८५ टक्के होतं, मुलग्यांमध्ये ७८.

तेव्हा ६० मिनिटं हे पुढचं ठिकाण झालं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी पहिले दोन-तीन महिने घड्याळाकडे बघणारच नाही. आधी हातापायांना चार गोष्टी जमू द्यायच्या. मिनिटं त्यामागून येतात.

हे मी का म्हणते ते सांगते. मुलं वाढतात तशी पळणं, फेकणं, झेलणं आपोआप येतं, असा बहुतेकांचा समज असतो. अर्धवट येतं, हे खरं. पण नीट फेकता येणं, धावत्या चेंडूला लाथ मारता येणं, एका पायावर लय न मोडता लंगडी घालत जाणं, यासाठी कुणीतरी दाखवावं लागतं, भरपूर संधी मिळावी लागते आणि चुकलं की काय चुकलं ते सांगणारं कुणी लागतं. लेखन-वाचनाला जशी अक्षरओळख, तशा या मूलभूत हालचाली. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात: जागा बदलण्याच्या (पळणं, उडी, लंगडी, बाजूला सरकत जाणं), चेंडूच्या (फेकणं, झेलणं, लाथ मारणं, फटका मारणं, टप्पे देणं) आणि तोलाच्या. २००८ मध्ये संशोधक स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एक मांडणी आमच्या क्षेत्रात फार वापरली जाते. तिचं सार असं की मूल मोठं होतं तसा कौशल्य आणि सक्रियता यांचा संबंध घट्ट होत जातो, आणि "मला जमतं" ही भावना या दोघांना जोडते. ज्याला जमतं तो जास्त खेळतो आणि आणखी चांगला होतो, ज्याला जमत नाही तो मागे मागे सरकतो. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शाळेतल्या मुलांची कौशल्यं तपासून काही वर्षांनी, किशोरवयात, पुन्हा त्यांची पाहणी झाली. लहानपणी चेंडूवर ज्यांचा हात बसला होता ती मुलं पुढे जास्त सक्रिय निघाली. पळण्या-उड्यांच्या कौशल्यांचा तसा संबंध दिसला नाही. म्हणून तुमच्या मुलाला झेलता येत नाही ही तक्रार मी किरकोळ मानत नाही.

तुमच्या दोन मुलांमधला एक फरकही इथेच लक्षात घ्या. पाच वर्षांच्या मुलीला बहुधा वाटत असेल की आपण जगात सगळ्यांत वेगाने पळतो. या वयात मुलं स्वतःला असतील त्याहून सरस समजतात, आणि ते फार उपयोगाचं असतं, कारण शंभरदा चुकूनही ती पुन्हा करतात. सात-आठ वर्षांच्या आसपास तुलना खरी व्हायला लागते. आपण वर्गात कितवे, हे मुलाला नेमकं कळतं. मुलीला फक्त संधी द्या, ती उड्या मारत येईल. मुलाला संधी पुरणार नाही. त्याला आधी कुणी बघत नसताना, हसण्याची भीती नसताना जमण्याचा अनुभव हवा. तो घरच्यांइतका सहज दुसरं कुणी देऊ शकत नाही.

आता एक थांबा. पुढचं सगळं करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या, कारण तुमचा मुलगा मी पाहिलेला नाही आणि इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं.

पहिली डोळ्यांची तपासणी. झेल सुटणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आधी हेच विचारते, आणि तपासणी झालीच नाही असं उत्तर आश्चर्य वाटावं इतक्या वेळा येतं. दुसरं, फक्त खेळातच अडतं की रोजच्या कामांतही? शर्टाची बटणं, बुटाची नाडी, कात्री, अक्षर, जिना उतरणं, सारखं धडपडणं, हातातून वस्तू पडणं. यातलं बरंच काही त्याच्या वयाच्या मानाने खूप मागे असेल आणि लहानपणापासून तसंच असेल, तर हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असू शकते. शाळकरी वयाच्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ती असते, म्हणजे ती दुर्मीळ नाही. तिचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पुढे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) पाठवतील. त्या मुलांनाही सरावाचा फायदा होतो, फक्त पावलं लहान लागतात आणि मार्गदर्शन जाणकाराचं लागतं. तिसरं, आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल, लंगडत असेल, पळताना दुखत असेल किंवा इतरांपेक्षा फार लवकर धाप लागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

हे काही नसेल, फक्त सराव आणि संधी कमी पडली असेल, तर पुढे वाचा. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं याच गटातली असतात.

उपक्रमाने फरक पडतो का? पडतो, पण जाहिरातीत असतो तेवढा नाही. २०१६ मध्ये कुटुंबाला बरोबर घेऊन केलेल्या अशा ४७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन-तृतीयांश अभ्यासांत मुलांची हालचाल वाढलेली दिसली, मात्र वाढ सरासरीने लहान होती. त्या आढाव्यातलं मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच. ध्येय ठरवणं आणि ते गाठल्यावर दाद देणं, या दोन्हींची जोड असलेले उपक्रम बरे चालले. आणि "तब्येतीसाठी करा" हा मुद्दा कुटुंबांना फारसा हलवत नव्हता. एकत्र वेळ घालवणं, मजा येणं, यासाठी लोक येत आणि टिकत. माझा अनुभव याला धरूनच आहे. वजनासाठी आलेलं कुटुंब लवकर गळतं. ज्या घरात "रविवारी आपलं खेळायचं असतं" असं मुलं स्वतःहून म्हणायला लागतात, ते घर टिकतं.

दुसरं उदाहरण तुमच्यासारख्या बाबांना मी मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात फिलिप मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडील आणि मुली यांच्यासाठी एक उपक्रम आखला. तुमच्या शाळेसारखाच, आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास. मुली ४ ते १२ वयाच्या. काही वेळ वडिलांशी वेगळी चर्चा, मग दोघांनी मिळून मैदानावर चेंडूची कौशल्यं, दंगामस्ती, कुस्तीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ, आणि घरी करायला कामं. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. मुलींची सक्रियता आणि हालचालींची कौशल्यं सुधारली, वडिलांचीही हालचाल वाढली, आणि नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता. मुलगे आणि वडील किंवा मुली आणि आया यांना हेच निकाल जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण आठ आठवडे पुरे पडू शकतात, मात्र मोठी माणसं स्वतः उतरली तर, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

सगळी मेख इथे आहे. आठवड्यात १६८ तास असतात. उपक्रमाचा दीड तास त्यात कुठे हरवतो ते कळतही नाही. त्या दीड तासात मुलाला झेल शिकवून होत नाही, आणि तो त्याचा हेतूही नसावा. त्याचा हेतू तुम्हाला शिकवण्याचा असावा: मुलाशी कसं खेळायचं, काय बघायचं, काय बोलायचं, खेळ अवघड किंवा सोपा कसा करायचा. मग उरलेले सहा दिवस रोज १५ मिनिटं तुम्ही ते घरी करता, आणि सुधारणा त्या १५ मिनिटांत होते. म्हणून उपक्रम निवडताना मी एकच गोष्ट आधी बघेन: सत्र चालू असताना पालक कुठे आहेत? बाकावर फोन बघत बसले असतील तर तो चांगला क्रीडावर्ग असेलही, पण कुटुंबासाठीचा उपक्रम नव्हे.

संयोजकांना आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. दर आठवड्याला घरी करायला काही नेमकं देता का, आणि पुढच्या वेळी त्याची विचारपूस करता का? खेळांमध्ये बाद होण्याची पद्धत आहे का? बाद होणारं मूल कोण असतं ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे. ज्याला सर्वांत जास्त सराव हवा तोच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतो. एका चेंडूमागे किती मुलं असतात? वीस मुलांच्या रांगेत एक चेंडू असेल तर तिथे मूल प्रामुख्याने उभं राहायला शिकतं. आणि दोन्ही भावंडांना एकत्र आणता येतं का, कारण तुमच्या घरी ती एकत्रच असणार आहेत.

उत्तरं बरी आली तर जरूर जा. नाही आली तर घरी केलेलं त्याहून चांगलं होईल. कामाच्या वेळांमुळे जाणं शक्यच नसेल तरी अपराधी वाटून घेऊ नका. पुढे लिहिते ते नीट केलंत तर निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

झेलापासूनच सुरुवात करू, कारण तुमचा मुलगा तिथेच अडकलाय.

तो झेलायचा प्रयत्न करतो तेव्हा बाजूने एक छोटा व्हिडिओ काढा आणि सावकाश बघा. बहुधा असं दिसेल: हात आधीपासूनच समोर ताठ केलेले, चेंडू जवळ आला की मान वळते, डोळे मिटतात, चेंडू छातीवर आपटतो आणि मग हात त्याला कवटाळायला जातात, तोवर तो खाली. जमलेल्या झेलात याच्या उलट होतं. कोपर वाकलेले असतात, हात चेंडूला सामोरे जातात, पकड बोटांची असते, आणि चेंडू हाती आल्यावर हात अंगाकडे येत त्याचा वेग जिरवतात.

इथे प्रत्येक पालक एकच वाक्य म्हणतो: "चेंडूकडे बघ!" त्याचा उपयोग होत नाही. मुलगा बघतच असतो, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. शेवटच्या क्षणी लागेल या भीतीने तोंड फिरवतो. भीती सूचनेने जात नाही, चेंडू बदलल्याने जाते. म्हणून फुग्यापासून सुरुवात करा. फुगा सावकाश येतो, लागत नाही, आणि हात कुठे न्यायचे हे ठरवायला वेळ देतो. आठ वर्षांच्या मुलाला फुगा बालिश वाटू शकतो. मग त्याला आव्हान द्या: दोन फुगे एकदम हवेत ठेवायचे, किंवा एका पायावर उभं राहून. दोन-चार दिवसांनी मोठा, मऊ, थोडी हवा कमी केलेला चेंडू. आधी जमिनीवर एक टप्पा देऊन, कारण टप्प्यानंतर चेंडू मंदावतो आणि कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो. मग टप्प्याविना, दोन पावलांवरून. मग हळूहळू अंतर वाढवा. चेंडू सर्वांत शेवटी लहान करा. अंतर आणि चेंडू दोन्ही एकाच वेळी अवघड करू नका.

आता थोडं कडू. झेल सुटण्याचं अर्धं कारण पुष्कळदा फेकणाऱ्यात असतं. बाबा उभ्याने, वरून, सपाट आणि जोरात फेकतात. गुडघ्यावर बसा. खालून, हलक्या कमानीत, त्याच्या पोट-छातीच्या मध्ये येईल असा टाका. फार उंच उडवू नका, वरून सरळ खाली येणारा चेंडू ओळखायला सर्वांत अवघड असतो. चेंडूचा रंग मागच्या भिंतीत मिसळून जाणारा नको, आणि उन्हाकडे तोंड त्याचं नको, तुमचं असू दे. एवढं बदलल्यावर त्याच दिवशी झेल वाढलेले दिसतात. मुलगा तोच असतो, फेक बदललेली असते.

सूचना एका वेळी एकच द्या, तीही हातापायांपेक्षा चेंडूबद्दल. "कोपर वाकव, बोटं उघड, पाय पुढे" म्हटलं की मुलाच्या डोक्यात गोंधळ उडतो. त्याऐवजी चेंडूवर रंगीत ठिपके काढा आणि विचारा, कुठल्या रंगाचा ठिपका आधी दिसला? तो शेवटपर्यंत बघतो, आणि मान वळवायचं विसरतो. "आवाज न करता झेल" म्हटलं की हात आपोआप मऊ होतात. हालचाल शिकताना लक्ष शरीराबाहेर, हालचालीच्या परिणामावर ठेवलेलं बरं, हे संशोधनातही वारंवार दिसलंय. मैदानावर तर ते रोज दिसतं.

अवघडपणा किती ठेवायचा याचा माझा ठोकताळा असा: दहातले सातेक झेल जमले पाहिजेत. दहाच्या दहा जमले तर एक पायरी वर, चारच जमले तर एक पायरी खाली. खाली येताना घोषणा करू नका. गुपचूप एक पाऊल पुढे सरका.

फेकण्याबद्दल थोडक्यात. उजव्या हाताने फेकायचं तर बाजूने उभं राहून डावा पाय पुढे पडला पाहिजे. बरीच मुलं उजवा हात आणि उजवाच पाय पुढे नेतात किंवा पाय हलवतच नाहीत. जमिनीवर डाव्या पावलासाठी एक खूण करा, "खुणेवर पाय, मग फेक". आणि सुरुवातीला नेम धरायला लावू नका. मऊ चेंडू भिंतीवर जितक्या जोरात मारता येईल तितक्या जोरात मारू द्या. नेम धरला की मूल आखडतं आणि फक्त मनगटाने टाकतं. जोर लावायचा म्हटलं की कंबर आणि खांदे आपोआप वळतात. नेम पुढच्या महिन्यात.

पळणं, उड्या, लंगडी यासाठी वेगळा तास लागत नाही. जमिनीवर रेघा ओढा, उशा मांडा, "लाव्हा आहे, पाय टेकवायचा नाही" म्हणा. मुलगी बाकीचं स्वतः तयार करेल.

तुम्हाला स्वतःला खेळ जमत नाही, याची मला काळजी वाटत नाही. उलट अशा पालकांबरोबर काम करणं सोपं जातं. उत्तम खेळाडू असलेले वडील पाचव्या मिनिटाला अधीर होतात, कारण त्यांना जमत नव्हतं तो काळ आठवत नाही. तुम्ही डाव्या हाताने फेका, तुमचेही झेल सुटू द्या, दोघं मिळून शिका. पालकांचा आणि मुलांच्या हालचालीचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांत साधारण असं दिसतं की पालक स्वतः किती व्यायाम करतात यापेक्षा मुलाला किती साथ देतात याचा संबंध जास्त असतो. साथ म्हणजे बरोबर खेळणं, नेऊन सोडणं, चेंडू आणून देणं, बघायला थांबणं, शब्दाने उभारी देणं. यातल्या एकाही गोष्टीला खेळाडू असावं लागत नाही.

बोलण्याबद्दल मात्र जपा. "शाब्बास, छान" याने आठ वर्षांच्या मुलाला काही मिळत नाही. "आत्ता हात पुढे गेले, म्हणून राहिला" याने मिळतं. "बघ, धाकटी बहीणसुद्धा झेलते" असलं वाक्य तर तोंडातून निघूच नये. मुलाला शिक्षा म्हणून पळवू नका. आणि वजन, पोट, आरोग्य हे शब्द खेळाच्या वेळी आणू नका. "चल, पंधरा मिनिटं" एवढं पुरतं.

ही १५ मिनिटं रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधा. घरी आल्यावर बूट काढण्याआधी, किंवा अंघोळीआधी. मोकळा वेळ मिळाल्यावर खेळू म्हटलं तर तो मिळत नाही. चेंडू दाराशी, दिसेल असा ठेवा, कपाटातला चेंडू निघत नाही. पंधरा मिनिटं संपली आणि तो "अजून" म्हणाला, तर बहुतेक वेळा तिथेच थांबा. दमून, चिडून संपलेल्या खेळाला तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. आणि जमेल तेवढं बाहेर खेळा. बाहेर मुलं घरातल्यापेक्षा जास्त हलतात.

भावंडांचा प्रश्न नाजूक आहे. पाच वर्षांची मुलगी काही बाबतीत भावाला गाठेल, कदाचित मागे टाकेल. तेव्हा एकमेकांविरुद्धचे खेळ काही काळ बंद ठेवा आणि मिळून मोजायचे खेळ ठेवा: तिघांनी मिळून चेंडू खाली न पाडता किती झेल होतात? काल अकरा, आज किती? झेल कुणाचा सुटला याला तिथे फारसं महत्त्व राहत नाही, कारण आकडा सगळ्यांचा असतो. नियम करायचं काम मुलाकडे द्या. चेंडू कुठला, अंतर किती, सुटला तर काय, हे त्याने ठरवायचं. जो मुलगा इतरांच्या नियमांत कायम हरला, त्याला नियम स्वतःच्या हातात असण्याचं मोल फार वाटतं. आणि आठवड्यातून दोनदा तरी तो आणि तुम्ही, दोघंच.

आठ आठवड्यांनी काय दिसेल? झेल आणि फेक नजरेला दिसण्याइतके सुधारतील, नियमित केलंत तर. सुरुवातीचा व्हिडिओ आणि आत्ताचा शेजारी ठेवून त्यालाच दाखवा, तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्याला ते जास्त पटेल. दिवसभरातली एकूण हालचाल मात्र लगेच फार वाढणार नाही. ती भिडूंमध्ये परत जाण्याचा धीर आला की वाढते, आणि ते तीन महिन्यांतही होतं, वर्षातही. एखादा शेजारचा किंवा वर्गातला शांत स्वभावाचा मुलगा घरी खेळायला बोलावणं ही मधली पायरी उपयोगी पडते. एकदम बावीस जणांत ढकलू नका. उपक्रमाला गेलात तर सहाव्या आठवड्यातच घरी बसून ठरवा की संपल्यावर काय चालू राहणार. उपक्रम संपतो त्याच्या पुढच्या पंधरवड्यात सगळं बंद पडलेली कुटुंबं मी भरपूर पाहिली आहेत. त्यांचा उत्साह खरा होता, पण पुढचा वार आणि वेळ ठरलेली नव्हती.

शेवटी तुम्ही न विचारलेला पण पहिल्याच दिवशी येणारा प्रश्न. मुलगा म्हणेल, मी येणार नाही. उपक्रम सुरू व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे घरी फुगा आणि मऊ चेंडू सुरू करा, म्हणजे तो रिकाम्या हाताने जाणार नाही. पहिल्या सत्राला त्याला साहित्य मांडायचं, मोजायचं, बहिणीबरोबर राहायचं असं काम द्या. खेळायला या म्हणून सगळ्यांसमोर हाक मारू नका असं प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा. तुम्ही आणि मुलगी मात्र खेळा. तिसऱ्या सत्रापर्यंत बहुतेक मुलं सरकत सरकत आत येतात. त्यानंतरही तो कडेलाच असेल तर संयोजकांशी बोला, काय बदलता येईल ते विचारा. त्यांच्याकडे "येईल हळूहळू" याखेरीज उत्तर नसेल, तर उपक्रम सोडा आणि घरची पंधरा मिनिटं चालू ठेवा.